आडनावातील गाव

प्रत्येक समाज आपला इतिहास कुठे ना कुठे जतन करून ठेवीत असतो. कोणाचा तो बखरींत असतो, कोणाचा शिलालेखांत. कोचीनच्या आपल्या यहुदी बांधवांपाशी राजाने दिलेले ताम्रपट आहेत. आपणा बेने इस्राएलांपाशी मात्र यांपैकी काहीच नाही. आपल्या जुन्या पूर्वजांनी पोथ्या लिहून ठेवल्या नाहीत की वंशावळी कोरून ठेवल्या नाहीत. त्यांनी एवढेच केले, की ज्या गावाच्या मातीत ते राबले त्या गावाचे नाव आपल्या नावापुढे लावले. आपला ताम्रपट म्हणजे आपले आडनाव होय.

केहीमकर, नवगावकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, पेझारकर, शापूरकर, राजपूरकर, नागावकर, घोसाळकर. ही यादी लांबविता येईल तेवढी थोडीच. कोकणातील शंभराहून अधिक गावे आपल्या आडनावांत बसलेली आहेत. कुलाबा जिल्ह्याचा नकाशा पुढे घेऊन या नावांवर बोट ठेवीत गेले, तर आपले पूर्वज कोठे कोठे पसरले, कोणत्या खाडीच्या काठाने वर सरकले आणि कोणत्या बाजारपेठेत स्थिरावले, हे एखाद्या ग्रंथाच्या मदतीवाचून कळते.

आज हीच नावे दिमोना, बैरशेबा, अश्दोद, लोद आणि रामला येथील दारांवरच्या पाट्यांवर हिब्रू अक्षरांत झळकतात. हिब्रू लिपीत नेहमीच्या लिखाणात स्वर दाखवीत नाहीत. त्यामुळे 'पेणकर' हे नाव केवळ प-न-क-र असे लिहिले जाते आणि वाचणारा ते पिनकर वाचतो, पनकर वाचतो. 'ळ' आणि 'घ' हे उच्चार तर त्या लिपीत नाहीतच. मग घोसाळकरांनी काय करावे? कित्येक कुटुंबांनी आडनावे बदलून हिब्रू नावे घेतली, कित्येकांनी ती तोडून आखूड केली. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरात नाव अजून टिकून आहे, त्या घरातील मुलालाही ते एका गावाचे नाव आहे हे ठाऊक नसावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

इस्राएलमधील शाळांत बार मित्स्वा-बात मित्स्वाच्या वयाच्या मुलांना आपल्या कुळाविषयी एक वही तयार करावयास सांगतात. 'शोराशिम', म्हणजे मुळे, असे त्या अभ्यासाचे नाव. मोरोक्कोहून आलेल्या घरातील मूल फेझ किंवा माराकेशबद्दल लिहिते, पोलंडहून आलेल्या घरातील मूल एखाद्या लहान शहराबद्दल लिहिते. आपले मूल 'होदू' एवढेच लिहिते, ताजमहालाचे चित्र चिकटविते आणि थांबते. ताजमहालाशी आपला संबंध काय? आपली मुळे यमुनेच्या काठी नाहीत. ती कुंडलिकेच्या काठी, धरमतरच्या खाडीवर आणि किहीमच्या वाळूत आहेत. भारत हा फार मोठा देश आहे. एवढ्या मोठ्या शब्दाने मुलाच्या मनात कोणतेही चित्र उभे राहत नाही. चित्र उभे राहते ते गावाचे.

तेव्हा प्रश्न असा, की गाव म्हणजे काय आणि एक गाव दुसऱ्यासारखे का नसते, हे मुलांना कसे शिकवावे?

स्थळ, काम आणि लोक

या प्रश्नाचा विचार करणारा एक थोर शिक्षक आपल्या दोन्ही देशांशी निगडित होता, ही आपल्या दृष्टीने मोठ्या योगायोगाची गोष्ट आहे. पॅट्रिक गेडीस हा मूळचा स्कॉटलंडचा वनस्पतिशास्त्रज्ञ. पुढे तो नगररचनेकडे वळला. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे शिक्षण सुरू झाले, ते त्याच्याच नेतृत्वाखाली. त्याच काळात त्याने यरुशलेमच्या हिब्रू विद्यापीठासाठी आराखडा केला आणि १९२५ साली तेल अवीव शहराची योजना आखून दिली. आजही जुन्या तेल अवीवच्या रस्त्यांची मांडणी बव्हंशी त्याचीच आहे.

गेडीसची शिकवण तीन शब्दांत सांगता येते: स्थळ, काम, लोक. स्थळ जसे असेल तसे काम माणसाला करावे लागते. काम जसे असेल तसे लोक घडतात. आणि लोक आपल्या रीतिभातींनी पुन्हा त्या स्थळाला घडवितात. डोंगरावर लाकूडतोड्या, उतारावर मेंढपाळ, सपाटीवर शेतकरी, काठावर कोळी अशी एका दरीची उभी आकृती काढून तो हे समजावीत असे. केवळ जमिनीने स्थळ वेगळे ठरत नाही आणि केवळ माणसांनीही ठरत नाही. दोघांची पिढ्यान्‌पिढ्यांची देवघेव म्हणजे गावाचे गावपण.

ही आकृती आपल्या कोकणाला जशी लागू पडते तशी क्वचितच कोठे लागू पडत असेल. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला समुद्र आणि मध्ये एक अरुंद पट्टी. पावसाळ्यात चार महिन्यांत अलिबागेकडे २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने आकाश कोरडे राहते. या एवढ्याशा पट्टीत चार निरनिराळ्या प्रकारची गावे वसली आहेत आणि आपली आडनावे त्या चारही प्रकारांत सापडतात.

चार प्रकारची गावे

पहिली समुद्रकाठची गावे: किहीम, नवगाव, नागाव, चौल. येथे समुद्राने आणून टाकलेल्या वाळूची लांबट पट्टी आहे. वाळूत पाणी झिरपते आणि खाली गोड्या पाण्याचा थर साठतो; फार खोल न खणता विहिरीला पाणी लागते. या पाण्यावर रहाट बसवून लोकांनी नारळी-पोफळीच्या वाड्या उठविल्या. किहीमच्या या परिसरातच पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी १९३० साली सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे आपले प्रसिद्ध निरीक्षण केले. भाताच्या पात्यांच्या आणि माडाच्या झावळ्यांच्या चिंध्या काढून सुगरण आपला खोपा विणतो. पक्ष्याने जे केले तेच माणसाने केले. जे हाताशी होते त्याचे घर केले. चौल तर प्राचीन बंदर. अरब प्रवासी त्याला 'सैमूर' म्हणत आणि दूरदूरची गलबते तेथे नांगर टाकीत.

दुसरी खारेपाटातील गावे: शहापूर, पेझारी आणि पोयनाडच्या आसपासची. येथे मूळची जमीन म्हणजे खाडीची दलदल. लोकांनी मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडविले, पावसाच्या पाण्याने वर्षानुवर्षे मीठ धुऊन काढले आणि त्या जमिनीत भात पिकविले. बांध फुटला की शेत पुन्हा खारे होते. म्हणून येथे एकट्याची शेती नाही, बांध हे साऱ्या गावाचे काम आहे. याच मुलखात चरी गावच्या आणि भोवतालच्या कुळांनी खोतांच्या जाचाविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमीन न कसण्याचा संप केला. ज्या लोकांना बांधासाठी एकत्र यावे लागते, त्यांना संपासाठीही एकत्र येता येते. जमीन माणसांना असे शिकविते.

तिसरी बाजारपेठेची गावे: पेण, रोहे आणि रोह्यासमोर कुंडलिकेच्या दुसऱ्या काठावरची अष्टमी. भरतीच्या पाण्याबरोबर होड्या जेथवर आत येऊ शकत, तेथे बाजार उभा राहिला. डोंगरातला माल खाली येई, समुद्राचा माल वर जाई आणि दोघांची गाठ येथे पडे. पेणची मिठागरेही याच पाण्यावरची. घाण्यात तेल गाळणाऱ्या कारागिराला अशा बाजाराची गरज असते; त्यामुळे या गावांची नावे आपल्या आडनावांत ठळकपणे दिसावीत, यात नवल नाही.

चौथी डोंगराच्या पायथ्याची गावे, जसे घोसाळगडाखालचे घोसाळे किंवा कनकेश्वराच्या डोंगराजवळचे झिराड. येथे समुद्राचा वारा कमी, रानाची सोबत अधिक.

एकाच जिल्ह्यातील ही गावे एकमेकांपासून काही कोसांवर आहेत. तरी चेऊलकराचा पूर्वज सकाळी उठून जे पाहत असे ते घोसाळकराच्या पूर्वजाने पाहिले नाही. हा फरक मुलाला सांगितला म्हणजे 'होदू' या एका शब्दाचे शंभर तुकडे होतात आणि त्यांतला एक त्याचा स्वतःचा असतो.

सणांची नावे मातीतून उगवली

आता दुसरी बाजू पाहू. भूमीने आपल्या पूर्वजांना कसे घडविले याचा उत्तम पुरावा म्हणजे आपल्या सणांची जुनी मराठी नावे. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ साली लिहून पुरा केलेला आणि १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला आपल्या समाजाचा इतिहास ही नावे नोंदवितो. रोश हशानाला आपण नव्याचा सण म्हणत होतो. तिश्री महिन्यातच खिरीचा सण येई. तोच कोकणात हळवे भात पिकू लागण्याचा काळ. नव्या तांदळाची खीर, तीही नारळाच्या रसातली. किप्पूरच्या दिवशी दारे लावून घरात बसावयाचे म्हणून तो दारफाळणीचा सण, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण. पुरीम होळीच्या सुमारास येतो म्हणून तो होळीचा सण आणि त्या दिवशी पुरणपोळी. पेसाहच्या आठ दिवसांत आंबट कालवणाचे मडके झाकून ठेवीत, त्यावरून अनशी धाकाचा सण. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाची आठवण म्हणून आब महिन्याच्या नवमीचा उपवास. त्या दिवसांत मांस वर्ज्य, म्हणून मोड आलेल्या वालांचे बिरडे रांधावयाचे. तो बिरड्याचा सण.

वालच का? भात कापून झाल्यावर जमिनीत जी ओल उरते तीवर, पुन्हा पाणी न देता, वालाचे पीक निघते. कोकणच्या गावकऱ्याच्या घरात पावसाळ्यात जे कडधान्य हमखास असे, ते हे. यरुशलेमचे दुःख कोकणात असे वालाच्या चवीने आठवले गेले. मंदिर कसे होते हे सांगणारा कोणी रब्बी गावात नव्हता. पण उपवासाचा दिवस चुकला नाही. या गोष्टीत कमीपणा मानणारे काही लोक आहेत. माझ्या मते यात कमीपणा नाही. मूळ ग्रंथ हाती नसतानाही ज्यांनी आठवण टिकविली, त्यांनी ती हाताशी असलेल्या वस्तूला बांधून टिकविली.

नारळाचेही तसेच. तोराची आज्ञा आहे की मांस आणि दूध एकत्र करू नये. जेथे नारळाची वाडी दारात आहे, तेथे ही आज्ञा जड जात नाही. कालवणाला नारळाचा रस, गोडाला नारळाचा रस. आज्ञा सीनायची, पण ती पाळण्याची रीत कोकणची. चीकच्या हलव्याचा तुकडा मुलाच्या हातावर ठेवताना एवढे जरी सांगितले, तरी धर्म आणि भूगोल हे दोन्ही धडे एकाच घासात शिकवून होतात.

आपल्या धंद्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. खोबऱ्याचे आणि तिळाचे तेल गाळणारे आपले पूर्वज शब्बाथच्या दिवशी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली. मुलांना हे सांगताना एक गोष्ट विसरू नये. हे नाव आपण घेतलेले नाही, शेजाऱ्यांनी दिलेले आहे. शेकडो वर्षे शब्बाथ पाळला गेला याची साक्ष आपल्या कोणत्याही ग्रंथाआधी गावकऱ्यांच्या तोंडी होती.

आपणही भूमीवर खूण केली

जमिनीने आपल्याला घडविले, तसे आपणही तिच्यावर काही ठेवून आलो. नवगावचे जुने दफनस्थान घ्या. गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या व वाहून आलेल्या मृतांना तेथे पुरले, अशी आपली परंपरा सांगते. खंडाळे गावाच्या खडकावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या आणि घोड्याच्या खुणा दाखवितात. त्या जागेला एलियाहू हन्नाबीचा टापा म्हणतात. तू बिश्वातच्या दिवशी मलिद्याचे ताट घेऊन लोक तेथे जातात आणि त्या दिवसाला आपल्या भाषेत 'उरूस' म्हणतात. नबी आपला, पोहे आणि खोबरे कोकणचे आणि शब्द मुसलमान शेजाऱ्यांचा. एका ताटात तीन परंपरा मांडलेल्या आहेत.

अलिबागेत इस्राएल आळी आहे आणि १८४८ सालची, पुढे १९१० साली नव्याने बांधलेली मागेन आबोथ मशीद आहे. रेवदंड्याला, पनवेलला, पेणला आपल्या मशिदी उभ्या राहिल्या. 'मशीद' हा शब्द आपली मुले ऐकतात तेव्हा बुचकळ्यात पडतात. त्यांना सांगावे, की गावात प्रार्थनेची जी मूर्तिविरहित इमारत असे तिला लोक याच नावाने ओळखीत आणि आपणही तो शब्द आनंदाने वापरला. मुंबईतील १७९६ सालची शाआर हाराहामीम ही आपली पहिली मशीद बांधणारे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांचे आडनावही एका गावाचेच. ज्या रस्त्यावर ती उभी आहे त्याला त्यांचेच नाव मिळाले. गावाने माणसाला नाव दिले आणि माणसाने शहरातील रस्त्याला दिले.

अलिबाग या नावाविषयी दोन कथा आहेत. एका धनिक अलीने तेथे विहिरी आणि बागा केल्या, हे दोन्हींत समान. हा अली मुसलमान होता असे एक मत आणि तो बेने इस्राएल होता असे आपल्यातील काहींचे सांगणे. मुलांपुढे दोन्ही कथा ठेवाव्यात आणि त्यांना विचारावे, की एकाच गावाच्या नावावर दोन समाजांनी हक्क सांगावा, याचा अर्थ काय? याचा अर्थ एवढाच, की त्या गावावर दोघांचेही प्रेम होते.

या ठिकाणी एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. परंपरा आणि सिद्ध झालेला इतिहास यांत भेद करावयास मुलांना शिकविले पाहिजे. गलबत केव्हा फुटले याविषयी केहीमकरांनी ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमाराचा काळ मांडला आहे. दुसऱ्या अभ्यासकांनी दुसरे काळ सुचविले आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात असे दिसून आले, की बेने इस्राएलांच्या रक्तात मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय, अशा दोन्ही पूर्वजांचा वारसा आहे. १९६२ ते १९६४ या काळात आपल्या यहुदीपणाविषयी शंका घेण्यात आली, तेव्हा आपल्या लोकांनी रस्त्यावर उतरून न्याय मागितला आणि १९६४ साली तो मिळविला. त्या पिढीला आपले यहुदीपण सिद्ध करावे लागले, म्हणून आपले कोकणीपण सांगण्यास ती काहीशी संकोचत असावी. आजच्या मुलांना तो संकोच बाळगण्याचे कारण उरलेले नाही. दोन्ही वारसे खरे आहेत आणि त्यांतील एक दुसऱ्याला खोटे ठरवीत नाही.

आपणच तेवढे तेथे राहत होतो, असाही समज मुलांचा होऊ देऊ नये. आगरी, कोळी, भंडारी, कातकरी, ब्राह्मण, मुसलमान या सर्वांनी मिळून ते गाव होते. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात पोर्तुगीज अमदानीपासूनचे ख्रिस्ती लोक अजून पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात. पोर्तुगीज १७४० साली गेले; त्यांची भाषा मात्र एका लहानशा गावाने ठेवून घेतली. जी भूमी असे शेजारधर्म जपते, तिनेच शनिवार तेल्यालाही जपले.

कसे शिकवावे?

१८३२ साली जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठी भाषेतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. त्या काळात आपल्या मुलांना हिब्रू शिकविण्यासाठी मराठीचा आधार घ्यावा लागे. १८७५ साली केहीमकर आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली, तेथे या दोन्ही भाषांची सांगड घालण्यात आली. आज चक्र उलटे फिरले आहे. मुलांची भाषा हिब्रू आहे आणि मराठी मुलूख त्यांना हिब्रूतून समजावून द्यावा लागणार आहे. त्यात काही बिघडत नाही. भाषा बदलली तरी धडा तोच आहे.

आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी शाळेत आपल्या जिल्ह्याचा भूगोल शिकला. नद्या कोणत्या, पिके कोणती, बाजार कोठे भरतो, हे पाठ केले. तोच क्रम घरात चालविता येईल. प्रथम मुलाचे आडनाव देवनागरीत लिहावे, त्यातील 'कर' वेगळा काढावा आणि उरलेले गाव नकाशावर शोधावे. मग पाच प्रश्न विचारावेत. तेथे पाणी कोठून येते? माती कसली आहे? लोक काय पिकवीत आणि काय विकीत? शेजारी कोण होते? आणि त्या गावाची कोणती गोष्ट आज आपल्या घरात शिल्लक आहे? पाचव्या प्रश्नाचे उत्तर बहुधा स्वयंपाकघरात सापडते, कधी आजीच्या एखाद्या शब्दात.

यानंतर महत्त्वाची पायरी म्हणजे हेच पाच प्रश्न येथील गावाला विचारणे. ही पायरी गाळली तर धडा केवळ हळहळीचा होईल. रामला या नावाचा अरबी अर्थ वाळू. म्हणजे किहीमसारखेच तेही वाळूवरचे गाव. बैरशेबाच्या नावात विहीर आणि शपथ आहे. अब्राहामाने तेथे पाण्यासाठी करार केला. जेथे वर्षाला सुमारे २०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे विहिरीसाठी शपथ घ्यावी लागते. जेथे २,००० पडतो, तेथे बांधासाठी एकत्र यावे लागते. एवढी एक तुलना पुष्कळ शिकवून जाते.

दिमोनाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. १९५५ साली वाळवंटात हे गाव वसविले, तेव्हा तेथे सावलीसुद्धा नव्हती. मोरोक्कोचे लोक आले, मग आपले आले. कित्येकांनी कापडगिरणीत काम केले, कित्येकांनी मृतसमुद्रावरील खनिजांच्या कारखान्यात. तेथे मोठमोठ्या वाफ्यांत समुद्राचे पाणी सोडतात, उन्हाने ते आटते आणि क्षार मागे राहतात. पेणच्या मिठागरांत नेमके हेच होते. पेणच्या उन्हाने वाळलेले मीठ आणि मृतसमुद्राच्या उन्हाने वाळलेले क्षार यांतील साम्य मुलांना दाखवून दिले, तर दोन देशांमधील समुद्र त्यांना तितकासा रुंद वाटणार नाही.

मलिद्याचेही पाहा. येथे माडाच्या वाड्या नाहीत. खोबरे दुकानातून आणावे लागते. पण ताटात ठेवावयाच्या फळांत येथील खजूर आहे, डाळिंब आहे. ज्या नबीचा टापा खंडाळ्याच्या खडकावर दाखवितात, त्याच नबीची गुहा हैफाला कर्मेल डोंगराच्या पायथ्याशी आहे. शाळेच्या सहलीत मुले ती गुहा पाहतात, तेव्हा दुसऱ्या खडकाची गोष्ट त्यांना घरून माहीत झालेली असावी. संस्कृती आपली भूमी सोडून आली म्हणजे ती संपते असे नाही. ती नव्या भूमीला वेगळेपण देऊ लागते. आपले लोक आले नसते तर दिमोना आज जसे आहे तसे झाले नसते, हेही मुलांनी अभिमानाने लिहावे.

वेळ थोडा आहे

हे सारे आताच का, असे कोणी विचारील. त्याला दोन कारणे आहेत. ज्या कोकणाचे वर्णन येथे केले ते झपाट्याने बदलत आहे. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. आपल्या वडीलधाऱ्यांच्या जन्मदाखल्यांवरचे नाव आता नकाशावर सापडत नाही. नवगावला लागून असलेल्या थळला खताचा प्रचंड कारखाना आला. न्हावाशेवाला १९८९ साली मोठे बंदर झाले आणि २०२४ साली मुंबईहून थेट समुद्रावरून पूल आला. किहीमच्या वाड्यांत धनिकांचे बंगले उठले आहेत. मशिदी उभ्या आहेत, परंतु ज्या आळ्यांत शब्बाथच्या रात्री ओळीने दिवे लागत, तेथे आता मोजकी घरे उरली आहेत. बदलाविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही, गावे बदलणारच. मात्र काय होते हे सांगणारा कोणी असला पाहिजे.

दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. ज्यांनी रहाटाचे पाणी पाहिले, घाण्याचा करकर आवाज ऐकला, बांधावरून शाळेत गेले, अशा व्यक्ती आपल्या घरांत आज थोड्या आहेत आणि दर वर्षी आणखी थोड्या होतात. केहीमकरांनी आपला ग्रंथ लिहिला, तो त्यांच्या काळातील वडीलधाऱ्यांना विचारून. त्यांच्या हयातीत तो छापलाही गेला नाही. तरी त्यांनी लिहिला, म्हणून आज आपल्याला बिरड्याच्या सणाचा अर्थ सांगता येतो.

प्रत्येक घराने एक गाव जपावे. वही, नकाशा आणि एक वृद्ध माणूस, एवढ्यावर हे काम होण्यासारखे आहे. आजोबांनी सांगावे, नातवाने हिब्रूत लिहून घ्यावे आणि गावाचे नाव तेवढे देवनागरीत लिहावे. अशा शंभर वह्या झाल्या, तर शंभर गावांचा ग्रंथ होईल. मग पाटीवरचे नाव वाचणाऱ्याने ते पिनकर वाचले, तर आपले मूलच त्याला थांबवून सांगेल, की हे नाव पेणकर आहे. पेण हे एक गाव आहे, तेथपर्यंत भरतीचे पाणी येते आणि तेथे मीठ पिकते.